वरची जमीन, खालचा कोळसा

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलेशियन पर्वतरांगांत कोळशाच्या उघड्या खाणींविरुद्ध जो लोकलढा उभा राहिला, त्याची मुळे एका खरेदीखतात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत केंटकी राज्याच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात जॉन सी. सी. मेयो यांच्यासारखे जमीन-व्यवहार करणारे लोक घोड्यावरून घरोघर फिरले आणि एकरी अर्ध्या डॉलरपासून काही डॉलरांपर्यंत रक्कम देऊन त्यांनी शेतकऱ्यांकडून जमिनीखालच्या सर्व खनिजांचा हक्क विकत घेतला. ‘ब्रॉड फॉर्म डीड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खतामुळे एकाच जमिनीचे दोन मालक झाले. घर, शेत, गोठा आणि पूर्वजांची थडगी शेतकऱ्याकडे राहिली. पण कोळसा, तो काढण्यासाठी लागणारे लाकूड व पाणी, रस्ते बांधण्याचा आणि खाणीतील टाकाऊ माल जमिनीवर टाकण्याचा अधिकार, इतकेच नव्हे तर या कामात होणाऱ्या नुकसानीच्या जबाबदारीतून आगाऊ मुक्तता, हे सारे खनिजाच्या मालकाकडे गेले. सही करता न येणाऱ्या अनेकांनी तिच्या जागी फुलीची निशाणी केली होती.

या लोकांना भोळे ठरवणे अन्यायाचे होईल. खत झाले तेव्हा कोळसा म्हणजे डोंगराच्या कुशीत बोगदा खणून, कुदळ-फावड्याने काढायची वस्तू होती आणि वरच्या मक्याच्या शेताला त्यामुळे फारसा धक्का लागत नसे. जमिनीचा कर मात्र दरवर्षी वरचा मालकच भरीत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अवजड यंत्रे आली आणि खताचा अर्थच पालटला. डोंगरउताराच्या कडेकडेने पट्टा कापायचा, कोळशाच्या थरावरील झाडे, माती व खडक उतारावरून खाली लोटायचे आणि उघडा पडलेला थर उचलायचा, ही ‘स्ट्रिप मायनिंग’ म्हणजे पट्टा-खाणीची पद्धत रूढ झाली. १९५६ साली ‘बुकॅनन विरुद्ध वॉटसन’ या खटल्यात केंटकीतील त्या काळच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की जुन्या खतामुळे खनिजाच्या मालकाला वरच्या मालकाच्या संमतीवाचून असे खोदकाम करता येते आणि ते मनमानीने किंवा द्वेषबुद्धीने केले नसेल तर भरपाईही द्यावी लागत नाही. बोगद्यासाठी दिलेला हक्क डोंगर खरवडण्यासाठी वापरला जाऊ लागला, आणि कायद्याने त्याला मान्यता दिली.

१९६५ च्या नोव्हेंबरात नॉट काउंटीतील (काउंटी हा साधारणपणे जिल्ह्यासारखा प्रशासकीय घटक) हनी गॅप येथे ऑली कोम्ब्स या ६१ वर्षांच्या विधवेच्या घराच्या वरच्या उतारावर बुलडोझर आले. लोटलेला खडक व चिखल घसरून थेट घरावर येण्याची भीती होती. कोम्ब्सबाई चढून वर गेल्या आणि यंत्रापुढे बसल्या. उठण्यास त्यांनी नकार दिल्यावर पोलिसांनी त्यांना हातापायांना धरून, झोळीसारखे लोंबकळत डोंगराखाली नेले. ‘कुरिअर-जर्नल’ या वृत्तपत्राचे छायाचित्रकार बिल स्ट्रोड यांनी तो क्षण टिपला व त्यांनाही अटक झाली. सुगीनंतरचा कृतज्ञतेचा सण, थँक्सगिव्हिंग, कोम्ब्सबाईंनी तुरुंगात काढला आणि तेथे जेवत असतानाचे त्यांचे चित्रही राज्यभर पोहोचले. कोणाच्याही भाषणापेक्षा या दोन चित्रांनी अधिक काम केले. १९६६ साली राज्य विधिमंडळाने पट्टा-खाणींवर पूर्वीपेक्षा कडक निर्बंध घातले.

त्याआधी १९६५ सालीच, नॉट काउंटीतच, ऐंशीच्या घरातील डॅन गिब्सन हे धर्मोपदेशक सावत्र मुलाच्या जमिनीवर बंदूक घेऊन उभे राहिले होते. शेजाऱ्यांनी एकत्र येऊन ‘ॲपलेशियन ग्रूप टु सेव्ह द लँड अँड पीपल’ ही संघटना स्थापन केली. जमीन व माणसे या दोघांचे रक्षण तिने नावातच गुंफले होते. १९६७ मध्ये पाइक काउंटीत जिंक रे यांनी शेजाऱ्यांसह यंत्रे अडवली, तेव्हा गव्हर्नर एडवर्ड ब्रेथिट यांना खाणीचा परवाना थांबवावा लागला. परंतु त्या उन्हाळ्यातच तेथील गरिबांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना राज्याच्या राजद्रोहाच्या कायद्याखाली अटक झाली. संघराज्याच्या न्यायालयाने तो कायदा लवकरच घटनाबाह्य ठरवला, तरी जमिनीचा प्रश्न विचारणाऱ्याला राज्यसत्तेचा शत्रू ठरवण्याची ही तयारी विसरता येण्यासारखी नाही.

खताचा अर्थ बदलण्यास आणखी दोन दशके लागली. विधिमंडळाने या खतांबाबत केलेला नवा कायदा न्यायालयाने १९८७ साली रद्द केल्यावर ‘केंटकियन्स फॉर द कॉमनवेल्थ’ या नागरिक-संघटनेने थेट राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा आग्रह धरला. खतात स्पष्ट उल्लेख नसेल, तर खत झाले त्या काळी त्या भागात प्रचलित असलेल्या पद्धतीनेच कोळसा काढता येईल, एवढेच त्या दुरुस्तीचे म्हणणे होते. नोव्हेंबर १९८८ मध्ये सुमारे ८२ टक्के मतदारांनी तिला कौल दिला आणि १९९३ मध्ये न्यायालयानेही ती मान्य केली. फुली काढणाऱ्याच्या मनात तेव्हा काय होते, हा प्रश्न कायद्याने अखेर विचारला.

मात्र दरम्यान खाणकाम पुढे गेले होते. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ३ ऑगस्ट १९७७ रोजी सही केलेल्या संघराज्याच्या कायद्याने खोदलेला उतार जवळजवळ मूळ आकारात परत आणणे बंधनकारक केले. परंतु सपाट झालेल्या जागेचा पुढे शेतीसाठी, उद्योगासाठी वा लोकोपयोगासाठी वापर होणार असल्यास त्यातून सूटही दिली. त्या सुटीतून डोंगरमाथा उडवण्याची पद्धत फोफावली. तीत स्फोटकांनी शिखर फोडतात, कोळशाचे थर काढून घेतात आणि उरलेला ढिगारा खालच्या घळीत, म्हणजे तेथील लोक ज्याला ‘हॉलो’ म्हणतात त्या वस्तीच्या अरुंद दरीत, ओततात. घळीतून वाहणारा ओढा त्याखाली गाडला जातो. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात या पद्धतीविरुद्धच्या लढ्यात खाणकामगारांच्या घरच्या बायका पुढे आल्या. मार्फोर्क हॉलोतील जूडी बाँड्स या खाणकामगाराच्याच कन्या. धूळ व मेलेले मासे यांमुळे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची घळ सोडावी लागली, आणि ‘कोल रिव्हर माउंटन वॉच’ या संस्थेतील कामाबद्दल २००३ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. कोळशावरच चूल पेटणाऱ्या समाजात शेजाऱ्यांचा रोष सोसून त्या बोलत राहिल्या, हे त्या पुरस्काराहून मोठे आहे.

त्याच राज्यातील केफर्ड डोंगरावर लॅरी गिब्सन यांनी कुटुंबाची सुमारे ५० एकर जमीन कंपन्यांना विकण्यास अखेरपर्यंत, म्हणजे २०१२ मधील मृत्यूपर्यंत, नकार दिला. तिथल्या लाकडी घरातून पूर्वी सभोवतीची शिखरे पाहायला मान वर करावी लागे. पुढे शेकडो विद्यार्थी व पत्रकार त्यांच्यामागून झाडीतून चालत जमिनीच्या कडेपर्यंत जात आणि खाली पाहत. शिखरांच्या जागी करड्या खडकाचे पठार पसरलेले असे, आणि त्याच्या काठावर गिब्सन यांच्या कुटुंबाची दफनभूमी होती.