परतीचा परवाना आणि नागरिकत्व : हदगाव परिसराच्या संदर्भात (१९४८–१९५५)

प्रस्तावना

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा इतिहास प्रामुख्याने लढ्याच्या अंगाने लिहिला गेला आहे. त्या धामधुमीत गाव सोडून गेलेली माणसे परत कशी आली आणि परतताना त्यांना कोणता कागद दाखवावा लागला, या प्रश्नाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात हदगाव परिसर डोळ्यांसमोर ठेवून भारत–पाकिस्तान परवाना पद्धतीचा विचार करण्यात आला आहे. परतीचा कागद हा हक्काचा पुरावा असतो की तोच हक्काचा उगम ठरतो, हा या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

पैनगंगेची सीमा

नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुका हा हैदराबाद संस्थानाच्या उत्तर सीमेवरचा प्रदेश होता. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे उमरखेडच्या बाजूस मध्य प्रांत व वऱ्हाड, अशी स्थिती होती. १५ ऑगस्ट १९४७ नंतर ही नदी स्वतंत्र भारत आणि भारतात सामील न झालेले संस्थान यांमधील सीमा बनली. रझाकारांच्या अत्याचारांमुळे सीमाभागातील अनेक कुटुंबांनी वऱ्हाडात आश्रय घेतला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. सीमाच पुसली गेल्याने वऱ्हाडात गेलेल्या कुटुंबांना परतण्यासाठी कोणताही परवाना लागला नाही. नदी ओलांडली की गाव आले.

या घटनाक्रमाला दुसरी बाजूही आहे. पोलीस कारवाईनंतर मुस्लिम समाजावर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठविली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये समितीने संस्थानाचा दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, असे तिने नोंदविले. संपूर्ण संस्थानातील मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजार होता. या काळात संस्थानातील काही मुस्लिम कुटुंबे पाकिस्तानात गेली. त्यांच्यापैकी ज्यांना गावी परतायचे होते, त्यांच्या वाटेत नदी नव्हती, कायदा होता.

परवाना पद्धतीचे स्वरूप

१९४८ च्या पूर्वार्धात पाकिस्तानात गेलेले अनेक मुस्लिम उत्तर भारतातील आपल्या घरी परतू लागले. त्यांची घरे दरम्यान पंजाब व सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या ताब्यात गेली होती. या पार्श्वभूमीवर भारत सरकारने जुलै १९४८ मध्ये वटहुकूम काढून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर परवान्याचे बंधन घातले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्ताननेही तसाच वटहुकूम काढला. १९४९ मध्ये भारतातील वटहुकुमाची जागा कायद्याने घेतली.

तात्पुरत्या भेटीचा परवाना आणि कायम परतीचा परवाना यांत मूलभूत फरक होता. पहिल्याने मुदतीपुरते राहता येई. दुसऱ्याने घर परत मिळण्याची आशा धरता येई. कायम परतीचा परवाना पाकिस्तानातील भारतीय उच्चायुक्त कार्यालयाकडून मिळत असला, तरी संबंधित प्रांत किंवा राज्य सरकारची संमती आवश्यक होती. म्हणजे अर्जदार कराचीत आणि त्याच्या परतीचा निर्णय त्याच्या मूळ प्रदेशातील प्रशासनाच्या हाती, अशी ही रचना होती.

संविधान आणि न्यायालये

या प्रशासकीय कागदाला पुढे संविधानात स्थान मिळाले. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती भारताची नागरिक मानली जाणार नाही, असे अनुच्छेद ७ सांगतो. मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायम परतीच्या परवान्यावर आलेल्यांना त्यातून वगळले आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या सवलतीवर कडाडून टीका झाली. नेहरू आणि गोपालस्वामी अय्यंगार यांनी तिचे समर्थन केले. तरीही ही सवलत मर्यादित होती. परवान्यावर परतलेली व्यक्ती १९ जुलै १९४८ नंतर भारतात आलेल्यांप्रमाणेच गणली जाई आणि तिला नागरिक म्हणून नोंदणी करावी लागे. पिढ्यान्पिढ्या गावात राहिलेला माणूस कायद्याच्या लेखी नव्याने आलेला ठरत असे.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दोन प्रवाह दिसतात. मुंबई राज्यातून आलेल्या इब्राहिम वझीर मावत प्रकरणात १९५४ मध्ये न्यायालयाने भारतीय नागरिकाला परवान्याच्या कारणावरून देशाबाहेर काढण्याची तरतूद घटनाबाह्य ठरविली. परंतु १९५५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात, जुलै १९४८ मध्ये कराचीला गेलेल्या स्त्रीचे नागरिकत्व न्यायालयाने मान्य केले नाही. ती डिसेंबर १९४८ मध्ये तात्पुरत्या परवान्यावर आली व पुन्हा परत गेली. नंतर मिळालेला तिचा कायम परवाना राज्य सरकारची संमती नसल्याच्या कारणावरून रद्द झाला होता. नागरिक असल्यास संरक्षण होते. पण नागरिक कोण, हे बहुधा परवान्याचा प्रकारच ठरवीत होता.

तुलनात्मक विचार

ऑक्टोबर १९५२ मध्ये परवान्याची जागा पारपत्र व व्हिसा यांनी घेतली. आज परदेशस्थ मराठी कुटुंबांना वेगळ्या स्वरूपात हाच प्रश्न भेडसावतो. कॅनडातील कायम रहिवाशाकडे परदेशातून परतताना वैध कार्ड नसेल, तर विमानाने परतण्यासाठी त्याला सामान्यतः विशेष प्रवास-दस्तऐवज घ्यावा लागतो. त्या वेळी पाच वर्षांत ७३० दिवसांच्या निवासाची अटही तपासली जाते. मात्र कार्ड हरवल्याने वा त्याची मुदत संपल्याने रहिवाशाचा दर्जा आपोआप जात नाही. तेथे कागद हा पुरावा आहे. १९४८ च्या परवान्याचे तसे नव्हते. त्याच्या अभावी दर्जाच नाकारला जात होता.

निष्कर्ष

फाळणीनंतरच्या अस्थिर परिस्थितीत राज्यसंस्थेला सीमेवर नियंत्रण हवे होते, हे समजण्यासारखे आहे. निर्वासितांच्या पुनर्वसनाचा ताणही खरा होता. तथापि एकाच परिसरातून, एकाच वर्षात, सारख्याच भीतीने घर सोडलेल्या माणसांपैकी काहींना परतताना कोणी नावही विचारले नाही, तर काहींना आपले नागरिकत्व सिद्ध करावे लागले. त्यांनी कोणती सीमा ओलांडली, एवढाच फरक निर्णायक ठरला. मराठवाड्याच्या स्थानिक इतिहासलेखनात मुक्तीच्या नोंदींबरोबर परतीच्या या नोंदींचाही शोध घेतला जाणे आवश्यक आहे. महसुली दप्तरे, मालमत्तेची कागदपत्रे आणि वयोवृद्धांच्या आठवणी ही त्यासाठीची साधने आहेत. त्यांपैकी शेवटचे साधन झपाट्याने नाहीसे होत आहे.