तिसऱ्या मजल्यावरची चूल

बॉस्टनचं डॉर्चेस्टर असो की तिथून पश्चिमेला तासाभरावरचं वूस्टर, जुन्या वस्तीत शिरलं की लाकडी तिमजली घरांची रांग सुरू होते. दोन घरांमध्ये जेमतेम बोळ. प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड आणि तिन्ही मजल्यांची मांडणी अगदी एकसारखी: पुढे गॅलरी, मग बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्याही मागे कपडे वाळत घालायची दुसरी गॅलरी. जिने दोन, एक पुढून, एक मागून. याला तिकडे थ्री-डेकर म्हणतात. शिकायला गेलेल्या कित्येक मराठी मुलांचं अमेरिकेतलं पहिलं बिऱ्हाड अशाच एखाद्या मजल्यावर, चार-पाच जणांत भाडं वाटून घेऊन, मांडलेलं असतं. घराची कुळकथा त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. हिवाळ्यात वारा कुठल्या खिडकीतून येतो, एवढं मात्र पक्कं ठाऊक असतं.

ही घरं उभी राहिली साधारण 1870 ते 1930 या काळात. 1872 च्या मोठ्या आगीनंतर बॉस्टनच्या मध्यभागी लाकडी बांधकामावर कडक बंधनं आली. वीट महाग, लाकूड स्वस्त. तेव्हा लाकडाने शहराच्या कडेची वाट धरली. 1889 पासून विजेच्या ट्राम धावू लागल्या आणि कडेच्या जमिनीवरून कामाला रोज जाणं-येणं जमू लागलं. वूस्टरमध्ये कारखाने होतेच. तिथल्या तारेच्या गिरणीत स्वीडिश कामगार, इतरत्र आयरिश, फ्रेंच-कॅनेडियन, लिथुआनियन, ज्यू. त्यांना कामापासून चालत जाता येईल असं घर हवं होतं आणि भाड्यात सगळा पगार घालवायचा नव्हता.

मला यातली खरी कारागिरी सुतारकामापेक्षा हिशेबात दिसते. एका मजल्यावर मालकाने राहायचं, दोन भाड्याने द्यायचे, आणि त्या भाड्यातून कर्जाचे हप्ते फेडायचे. वरचा भाडेकरू बऱ्याचदा नात्यातला नाहीतर गावाकडचाच. कर्ज द्यायला मॅसॅच्युसेट्समध्ये 1877 पासून सहकारी बँका निघाल्या. सभासदांनी दरमहा ठरावीक रक्कम भरायची, आणि जमलेल्या पैशावर ज्याची बोली जास्त त्याला कर्ज. आपल्याकडच्या लिलावाच्या भिशीचीच ही जात. कालपरवा बोटीतून उतरलेला माणूस दहा-पंधरा वर्षांत घरमालक व्हायचा तो अशा वाटेने.

नेमकं हेच काही लोकांच्या डोळ्यांत सलू लागलं. ट्राम पुढे सरकली तसे थ्री-डेकरही सरकले, आणि सुखवस्तू उपनगरांच्या वेशीवर येऊन ठेपले. ब्रुकलाइनमध्ये राहणारे वकील प्रेस्कॉट हॉल हे 1894 साली स्थापन झालेल्या ‘इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग’चे एक संस्थापक. बाहेरून येणाऱ्यांना अमेरिकेची दारं बंद करावीत, हा या संस्थेचा ध्यास. याच हॉलसाहेबांनी 1916 च्या राष्ट्रीय गृहनिर्माण परिषदेत थ्री-डेकरच्या ‘संकटा’वर निबंध वाचला. देशाच्या बंदरावर त्यांना जे अडवायचं होतं, तेच गावाच्या वेशीवरही अडवायचं होतं, असा अर्थ कुणी काढला तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही.

पण कायद्यात असं उघड लिहिता येत नाही. इथे न्यूयॉर्कच्या लॉरेन्स व्हेलर यांची हुशारी कामी आली. चाळीवजा इमारतींतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांविरुद्ध हा माणूस प्रामाणिकपणे लढला होता. 1910 मध्ये त्यांनी ‘नॅशनल हाउसिंग असोसिएशन’ स्थापन केली. अनेक बिऱ्हाडांची घरं नको असतील तर बंदी घालू नका, आगीपासून बचावाच्या अटी एवढ्या वाढवा की बांधणाराच हात आखडता घेईल, असा त्यांच्या सल्ल्याचा मथितार्थ होता. साप मरावा आणि काठीही तुटू नये!

मॅसॅच्युसेट्सने 1912 मध्ये छोट्या गावांसाठी आणि 1913 मध्ये शहरांसाठी असा कायदा केला. ज्याला हवा त्याने तो स्वीकारावा, असं त्याचं स्वरूप होतं. त्यातली एक अट वाचून मी थांबलोच: दोनपेक्षा जास्त कुटुंबांच्या नव्या लाकडी घरात दुसऱ्या मजल्याच्या वर स्वयंपाक करायचा नाही. बास. तिसऱ्या मजल्यावर चूल नाही म्हणजे तिथे बिऱ्हाड नाही, बिऱ्हाड नाही म्हणजे भाडं नाही, आणि दोनांतलं एक भाडं गेलं की मालकाचा हिशेब कोसळतो. बॉस्टनभोवतीच्या गावांनी हा कायदा भराभर उचलला. आगीची भीती खोटी होती असं नाही. 1908 मध्ये चेल्सी आणि 1914 मध्ये सेलम, ही दोन्ही लाकडी शहरं मोठ्या प्रमाणात जळाली होती. पण स्वतंत्र बंगलाही लाकडाचाच असे, आणि त्याच्या स्वयंपाकघराला कुणी हात लावला नाही.

यानंतर झोनिंग आलं, म्हणजे शहराच्या कुठल्या भागात काय बांधायचं याचे नियम. न्यूयॉर्कने 1916 मध्ये सबंध शहराचे विभाग पाडले, बॉस्टनने 1924 मध्ये. अशाच विभागणीवरून ओहायोतल्या युक्लिड गावाविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश वेस्टनहेव्हर यांनी गावाविरुद्ध निकाल देताना स्पष्ट म्हटलं होतं की, असे नियम माणसांची उत्पन्नानुसार वर्गवारी करून त्यांना वेगळं पाडतात. 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी बंगल्यांच्या वस्तीतल्या भाड्याच्या इमारतीला चक्क बांडगुळाच्या पंक्तीला बसवलं. तेव्हापासून एका कुटुंबाला एक घर हाच अमेरिकेतल्या निवासी विभागांचा शिरस्ता झाला.

पुढे काय झालं ते बॉस्टनला खेटून असलेल्या सॉमरव्हिलमध्ये पाहावं. काही वर्षांपूर्वी नगररचना खात्याने तपासलं तेव्हा जवळपास 80,000 वस्तीच्या या शहरात त्याच्याच झोनिंगच्या सगळ्या अटींत बसणाऱ्या निवासी इमारती निघाल्या 22. बाकीचं शहर जुन्या हक्कावर उभं.

आज गुंतवणूकदार थ्री-डेकरमागे लागतात ते यामुळेच. जे नव्याने बांधता येत नाही, त्याला भाव चढतो. शिवाय चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत अमेरिकेत घरकर्जात बसते, पाचवं आलं की व्यावसायिक कर्ज. मालक स्वतः राहणार असेल तर सरकारी हमीच्या एफएचए कर्जाला साडेतीन टक्के हातचे पैसे पुरतात. मात्र तीन-चार बिऱ्हाडांच्या घराला एक परीक्षा द्यावी लागते: एकूण अपेक्षित भाड्याच्या 75 टक्क्यांत हप्ता, कर आणि विमा भागला पाहिजे. 1890 च्या मालकाचा हिशेब आता सरकारी तक्त्यात बसलाय.

खाचाही बऱ्याच आहेत. तिसरं बिऱ्हाड नगरपालिकेच्या दप्तरी नोंदलेलं आहे की कुणी माळ्यावर गुपचूप मांडलंय, हे घर घेण्याआधी पाहावं लागतं. नियमबाह्य पण जुना वापर दोन वर्षं बंद पडला तर त्याचा हक्क जाऊ शकतो. 1978 पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल तर शिशाच्या रंगाचा धोका काढून टाकण्याची जबाबदारी मालकावर येते, आणि हा खर्च टाळायला लेकुरवाळ्या कुटुंबाला नकार देणंही बेकायदा आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये बॉस्टनशेजारच्या केंब्रिजने शहरभर चार मजल्यांपर्यंतच्या, अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींना मुभा दिली. झोनिंगची भिंत तिथे पडली. पण बांधकामाच्या नियमावलीत दोन बिऱ्हाडांपर्यंतचं घर एका पुस्तकात आणि तिसरं बिऱ्हाड आलं की दुसऱ्या, मोठ्या इमारतींच्या पुस्तकात, ही रेघ अजून आहे. त्या दुसऱ्या पुस्तकात आग विझवणारे पाण्याचे फवारे छतात बसवावे लागतात. त्यामुळे जीव वाचतात, आणि तिसऱ्या मजल्याचं गणित पुन्हा अवघड होतं. छोटा बिल्डर कागद-पेन्सिल घेऊन बसतो आणि अनेकदा दोनच बिऱ्हाडं काढतो.