नांगराचा वंश आणि कुळवाचा वंश

वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या जमिनीत चारा किंवा धान्य पेरायचे ठरले, की ट्रॅक्टरमागे कोणते अवजार जोडावे हा प्रश्न वरवर अश्वशक्तीचा आणि भाड्याचा वाटतो. परंतु सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, जिथे माळढोक आणि काळवीट यांच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, तिथे हाच प्रश्न अवजारांच्या वंशावळीचा होतो. मशागतीच्या अवजारांची दोन कुळे आहेत: एक माती उलथणारे, म्हणजे नांगराचे, आणि दुसरे माती न उलथता पृष्ठाखालून मुळे कापणारे, म्हणजे कुळवाचे. भारतात सरकारी पातळीवर अवजड ट्रॅक्टर-नांगर मोठ्या प्रमाणावर उतरला तो गवत नष्ट करण्यासाठी, ही त्या पहिल्या कुळाच्या इतिहासातील विसरली गेलेली गोष्ट असून गवताळ माळासाठी अवजार निवडताना तीच सर्वांत महत्त्वाची ठरते.

बैलाच्या लाकडी नांगरापासून किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगरापर्यंतचा प्रवास सर्वपरिचित आहे. त्यापुढचा टप्पा मात्र मध्य भारतात घडला. तिथल्या काळ्या जमिनींत कांस नावाचे बहुवर्षायू गवत इतके माजले होते, की शेते ओसाड पडत होती. त्याची भूमिगत खोडे खोलवर पसरत असल्याने बैलाचा नांगर त्यांच्यापर्यंत पोचत नसे. केंद्र सरकारच्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने आरंभी अमेरिकी सैन्याचे युद्धोत्तर शिल्लक ट्रॅक्टर या कामी लावले, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला दिलेले १ कोटी डॉलरचे कर्ज शेतीयंत्रांसाठीच, मुख्यतः कांसग्रस्त जमिनी मोडण्यासाठी होते. भर उन्हाळ्यात खोल नांगरट करून खोडे वर काढायची आणि उन्हात वाळवून मारायची, अशी ती रीत होती. शेतीच्या दृष्टीने ती योग्य होती, यात शंका नाही. पण त्या नांगराची खोली आणि वेळ ही दोन्ही परिमाणे बहुवर्षायू गवताच्या मृत्यूसाठी बेतलेली होती.

दुसऱ्या कुळाचे मूळ दख्खनच्या काळ्या मातीत आहे. कुळवाची रचना साधी असते: आडव्या लाकडी दिंडाला खाली दोन जानवळी बसवलेली असतात आणि त्यांच्या टोकांना लोखंडाचे आडवे, धारदार पाते अडकवलेले असते. या पात्याला फास, विदर्भात पास, म्हणतात. बैल पुढे चालले की फास बोट-दोन बोटे मातीखालून सरकते, तणांची मुळे कापते आणि वरचा थर भुसभुशीत करून तिथेच सोडते. हा थर खालच्या ओलीवर पांघरुणासारखा राहतो. विदर्भातील वखर, मध्य प्रदेशातील बखर, गुजरातेतील करब, कर्नाटकातील कुंटे आणि आंध्र-तेलंगणातील गुंटक ही याच घराण्यातील भावंडे आहेत, आणि त्यांचा प्रदेश काळ्या मातीच्या पट्ट्याशी बराच जुळतो, याला योगायोग म्हणता येणार नाही. काळी माती ओलीने फुगते, वाळली की भेगाळते, आणि या फुगण्या-आक्रसण्यातून स्वतःच स्वतःला सैल करते. म्हणून तिथे दरवर्षीच्या नांगरटीपेक्षा कुळवाच्या पाळ्यांना अधिक महत्त्व आले.

याविरुद्धचा युक्तिवाद असा, की कुळव हे दारिद्र्याचे अवजार होते, शेतकऱ्याला चांगला नांगर मिळाला असता तर कुळव मागे पडला असता. हरळी आणि कुंदा या चिवट तणांपुढे फास अपुरी पडते, हा या मताचा बळकट आधार आहे व तो मान्य करावाच लागतो. परंतु १९३३ मध्ये सोलापुरात सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधनातून जी पद्धत पुढे आली, तिने खोल नांगरट काही वर्षांतून एकदा पुरेशी मानली आणि बांधबंदिस्ती, विरळ पेरणी यांच्याबरोबर कुळवाच्या वारंवार पाळ्यांना मशागतीत स्थान दिले. नांगर उपलब्ध असतानाही कुळव टिकला, तेव्हा त्याचे कारण दारिद्र्याबरोबरच मातीतही शोधावे लागते.

याच कुळाचा एक दूरचा जन्म कॅनडात झाला. अल्बर्टा प्रांतातील चार्ल्स नोबल या शेतकऱ्याने १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांच्या काळात ट्रॅक्टरमागे ओढायचे रुंद पाते तयार केले. ते पिकाचे धसकट पृष्ठभागावर ठेवून खालून तणांची मुळे कापत असे. दख्खनचा कुळव पाहून त्याची नक्कल झाली, असे मानण्याचा मोह होतो, पण नोबलला ही कल्पना सुचली ती कॅलिफोर्नियात कंदमुळे काढण्यासाठी जमिनीखालून ओढले जाणारे पाते पाहून. म्हणजे ही उसनवारी नव्हे. ओल राखायची आणि माती उडू द्यायची नाही, या एकाच गरजेतून दोन खंडांत एकच उत्तर निघाले. उसनवारीपेक्षा ही साक्ष अधिक मोलाची आहे, कारण ती अवजाराचे तत्त्व प्रदेशनिरपेक्ष असल्याचे दाखवते. पुढे हॅरी फर्ग्युसनच्या तीनबिंदू जोडणीमुळे, म्हणजे अवजार ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलण्या-टेकवण्याच्या सोयीमुळे, खोली राखून अशी फास चालवणे सोपे झाले.

नान्नजच्या माळावर मातीचा थर पातळ असतो आणि लगेच खाली मुरूम लागतो. पलटी नांगर तिथे मुरूम वर आणतो, आणि पवना, मारवेल यांसारख्या बहुवर्षायू गवतांचे ठोंब उलथून उन्हात टाकतो. कांसाचे जे केले, तेच इथे नकळत घडते. ऑस्ट्रेलियाच्या आर्थर हॉवर्डने विकसित केलेल्या रोटाव्हेटरची फिरती पाती माती पिठासारखी बारीक करतात, आणि हरळी असेल तर तिच्या मुळ्यांचे पेराएवढे तुकडे रानभर पसरवतात. त्यातल्या पेऱ्यापेऱ्याला नवा फुटवा येतो. परिणामी चांगले गवत मरते आणि तण वाढते.

म्हणून न मोडलेल्या माळात कोणतेच अवजार घालू नये. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, आणि तिचा विणीचा हंगाम पावसाळ्याशी जुळत असल्याने त्या काळात हलका कुळवही तिथे घातकच ठरतो. चाऱ्याचा तुकडा करायचाच असेल तर तो पूर्वी वहिवाटलेल्या, पडीक पडलेल्या काळ्या रानात करावा. पावसापूर्वी ट्रॅक्टरला फास जोडून उथळ पाळी घालावी आणि चाडे व नळ्यांतून ओळीत बी सोडणाऱ्या पाभरीने ज्वारी, तूर, मटकी किंवा करडई आपापल्या हंगामात विरळ पेरावी. माळढोक नाकतोडे-भुंगेऱ्यांबरोबर पिकांचे दाणेही खातो, त्यामुळे आजूबाजूची कीटकनाशकविरहित कोरडवाहू शेते हाच त्याचा जुना चाऱ्याचा तुकडा आहे, आणि ती शेते कुळवाने घडवलेली आहेत. ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा हवा, हा प्रश्न त्यानंतरचा. त्याआधी त्या जमिनीत कोणती मुळे जगवायची आणि कोणती कापायची, हे ठरवावे लागते.