सेलेरॉन ३००ए की के६-२? एका जुन्या भांडणाचा हिशेब

या वीकेंडला एक जुनं भांडण उकरून काढतोय. साल १९९८. एका बाजूला इंटेलचा सेलेरॉन, दुसऱ्या बाजूला एएमडीचा के६-२. दोन्ही कमी बजेटवाल्यांचे प्रोसेसर. हे भांडण रंगलं तेव्हा मी पाळण्यात होतो, त्यामुळे कुठल्याच पक्षाशी माझा जुना घरोबा नाही. पण पिंप्राळ्याच्या आमच्या घरी माळ्यावर के६-२ वाला एक पिवळा पडलेला कॅबिनेट आहे, आणि काकाला कुणी "तेव्हा इंटेलच का नाही घेतला हो?" असं विचारलं की तो आजही चिडतो. त्याच्या चिडण्यात तथ्य किती, ते बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९७ साली इंटेलने पेंटियम टू आणला. तो सॉकेटमध्ये बसणारा चौकोनी तुकडा नव्हता, चांगली व्हिडिओगेमच्या कॅसेटसारखी कार्ट्रिज होती. आत मुख्य चिप, आणि तिच्या शेजारी ५१२ केबी एल-टू कॅशच्या वेगळ्या चिपा. (कॅश म्हणजे रोकड नव्हे, प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी झटपट मेमरी. दुकानदाराच्या गल्ल्याजवळची बरणी म्हणा. मागच्या गोडाऊनमध्ये जावं लागत नाही.) प्रकार उत्तम, पण महाग. आणि नेमकं त्याच सुमारास अमेरिकेत हजार डॉलरच्या आतले कॉम्प्युटर धडाधड खपायला लागले. त्या किमतीत पेंटियम टू बसेना. एएमडीचा के६ मात्र बसत होता, कारण तो जुन्याच सॉकेट ७ च्या बोर्डावर चालायचा आणि इंटेलच्या तोडीच्या चिपपेक्षा पंचवीस टक्के स्वस्त विकायचा हे एएमडीचं धोरणच होतं.

आता गंमत ऐका. या के६ च्या गोष्टीत आपल्या पुण्याचा एक धागा आहे. विनोद धाम, जन्म पुणे, १९५०. घर पंजाबी, फाळणीनंतर रावळपिंडीकडून आलेलं. शिक्षण दिल्लीत, मग अमेरिका, १९७९ मध्ये इंटेल. पेंटियमच्या प्रकल्पाचं नेतृत्व केल्यामुळे पेपरवाल्यांनी त्यांना 'पेंटियमचे जनक' करून टाकलं. (एवढी मोठी चिप एकट्याची नसते हे आपण इंजिनीयर लोक जाणतोच, पण असो.) १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन नावाच्या छोट्या कंपनीत गेले. थोड्याच दिवसांत एएमडीने नेक्सजेनच विकत घेतली, आणि नेक्सजेनच्या पुढच्या चिपचं डिझाईन के६ म्हणून १९९७ च्या एप्रिलमध्ये बाजारात आलं. म्हणजे पेंटियमच्या 'जनका'चा हात पेंटियमला घाम फोडणाऱ्या चिपलाही लागला होता. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं, तेव्हा बातम्यांत पेंटियम सगळीकडे होता. के६ चं नाव मात्र फारसं कुणी काढलं नाही.

तर इंटेलने उत्तर काय दिलं? पेंटियम टू घेतला, त्यातल्या एल-टू कॅशच्या चिपा काढून टाकल्या आणि उरलेल्याला सेलेरॉन नाव दिलं! एप्रिल १९९८, २६६ मेगाहर्ट्झ, १५५ डॉलर. बरणीच नसलेलं दुकान. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी गोडाऊनला चक्कर. लोकांनी त्याला 'डीसेलेरॉन' म्हणून हिणवलं, आणि ऑफिसच्या कामात तो खरंच रडायचा. पुढच्याच महिन्यात एएमडीचा के६-२ आला : ९३ लाख ट्रान्झिस्टर, १०० मेगाहर्ट्झचा बस, आणि 'थ्रीडी नाऊ' नावाच्या २१ नव्या इन्स्ट्रक्शन्स. सामना एकतर्फी वाटत होता.

मग २४ ऑगस्ट १९९८ ला इंटेलने सेलेरॉन ३००ए काढला, किंमत १४९ डॉलर. डॉलर तेव्हा साधारण ४२ रुपयांच्या घरात होता, म्हणजे सहा हजारांच्या पुढे, तेही ड्यूटी आणि दुकानदाराचा नफा धरायच्या आधी. या वेळी कॅश होती, फक्त १२८ केबी, पण थेट चिपच्या आतच, पूर्ण ३०० मेगाहर्ट्झने धावणारी. पेंटियम टूची ५१२ केबी अर्ध्या वेगाने चालायची. के६-२ ची एल-टू तर मदरबोर्डावर, बसच्या वेगाने म्हणजे फार तर १०० मेगाहर्ट्झने. मोठी पण लांबची बरणी, की छोटी पण हाताशी? कित्येक कामांत छोट्या बरणीने महागड्या थोरल्या भावालाही गाठलं. स्वस्त माल महाग मालाच्याच ताटात जेवायला बसला, आणि ते इंटेलने स्वतःच्या हाताने वाढलं.

परफॉर्मन्सचं म्हणाल तर पूर्णांकांच्या कामात, म्हणजे वर्ड, टॅली, पेजमेकर वगैरे, के६-२ ३०० आणि सेलेरॉन ३००ए यांच्यात वापरणाऱ्याला जाणवावा असा फरक नव्हता. दशांशांच्या कामात, म्हणजे मुख्यतः गेम्समध्ये, के६-२ मागे पडायचा. त्याचं फ्लोटिंग पॉइंट युनिट एक गणित संपल्याशिवाय दुसरं हातात घ्यायचं नाही, इंटेलचं मात्र असेंब्ली लाईनसारखं चालायचं. थ्रीडी नाऊ हा त्यावरचा इलाज होता आणि चांगला होता, पण तो गेम लिहिणाऱ्याने मनावर घेतलं तरच. क्वेक टूला वेगळा पॅच टाकावा लागे. औषध उत्तम, पण पेशंटने स्वतः केमिस्टकडे जायचं!

इथपर्यंत सरळ सेलेरॉन जिंकतो. पण व्हॅल्यू ही चिपची नसते, अख्ख्या डब्याची असते, आणि इथे काकाची बाजू सुरू होते.

ज्याच्याकडे आधीच सॉकेट ७ चा पेंटियम होता, त्याला के६-२ साठी बऱ्याचदा फक्त चिप बदलावी लागे. बोर्ड २.२ व्होल्ट देणारा हवा, एवढी एक मोठी अट. जुने सिम रॅम, जुना एटी कॅबिनेट, जुनी पॉवर सप्लाय, सगळं तसंच. नंतरच्या ४०० मेगाहर्ट्झच्या के६-२ मध्ये तर एक भारी युक्ती होती : बोर्डावर जंपर २ पटीवर लावला की चिप तो ६ पट समजायची. म्हणजे ६६ मेगाहर्ट्झच्या म्हाताऱ्या बोर्डावरसुद्धा सहा गुणिले ६६, झाले ४००! सेलेरॉनसाठी नवा बोर्ड, बहुधा नवी एसडी रॅम आणि नवा एटीएक्स कॅबिनेट. १४९ डॉलरची चिप, पण तिच्या मागे निम्मं वऱ्हाड.

आणि जळगावात कॉम्प्युटरवर काय चालायचं? सराफांची, केळी-कापसाच्या व्यापाऱ्यांची टॅली, आणि लग्नपत्रिकांचं डीटीपी. तिथे दशांशांची घोडदौड कुणाला हवी होती? श्रीलिपीत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाईप करायला क्वेकचे फ्रेम रेट लागत नाहीत :-) काकाचं कामही पत्रिका आणि हँडबिलांचंच होतं. त्याने जुन्याच बोर्डावर के६-२ चढवला आणि वाचलेल्या पैशांत यूपीएस घेतला. खान्देशातल्या पुढच्या काही वर्षांचं लोडशेडिंग आठवा, म्हणजे त्या यूपीएसची व्हॅल्यू वेगळी सांगायला नको.

राहता राहिलं ओव्हरक्लॉकिंग. ३००ए अजरामर झाला तो त्यामुळेच. त्याचा गुणक ४.५ ला कुलूपबंद होता, पण बस ६६ वरून १०० केला की ४.५ गुणिले १००, थेट ४५०. बऱ्याच चिपा हे हूं की चूं न करता सहन करायच्या. ज्यांच्या बोर्डात ती सोय नव्हती ते बी-२१ नावाच्या पिनेवर चिकटपट्टी लावायचे, काही जण नेलपॉलिश! १९९९ मध्ये अबिटने बीपी६ बोर्ड काढला, त्यात दोन सेलेरॉन एकत्र चालायचे. मोठ्या सर्व्हरचं सुख मध्यमवर्गीय खिशात.

पण हे सगळे विक्रम वाचताना एक गोष्ट मला कायम खटकते. दीडपट घड्याळ म्हणजे त्याच व्होल्टेजला साधारण दीडपट उष्णता. पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली की चिपही तेवढीच वर सरकते. बावीस अंशांच्या एसी खोलीत ४५० ला निवांत चालणारी चिप आमच्याकडे मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, पत्र्याच्या शेडमधल्या डीटीपीच्या दुकानात दुपारी दोन वाजता काय करेल? भो, तिथे माणूसच हँग होतो. 'फुकटचे दीडशे मेगाहर्ट्झ' ही किंमत थंड खोलीतली आहे, आणि त्या थंड खोलीचं बिल कुणी हिशेबात धरलेलं नाही.

माझं मत विचाराल तर : १९९८ च्या अखेरीस शून्यापासून नवा कॉम्प्युटर घेणाऱ्याने, त्यातही घरात गेम खेळणारी पोरं असतील तर, ३००ए च घ्यायला हवा होता. जुना पेंटियम असलेल्याने के६-२. काका दुसऱ्या गटातला, त्यामुळे चिडायचा त्याला पूर्ण हक्क आहे. एएमडीला मात्र धडा कळला होता. फेब्रुवारी १९९९ च्या के६-३ मध्ये त्यांनीही २५६ केबी कॅश चिपच्या आत घेतली, आणि जून २००० मध्ये ड्युरॉन आणून तीच कॅश-आत-वाली खेळी स्वस्त बाजारात सेलेरॉनवर उलटवली. सेलेरॉन हे नाव पुढे वीसेक वर्षं टिकलं. २०२२ मध्ये इंटेलने जाहीर केलं की २०२३ पासून लॅपटॉपवर सेलेरॉन आणि पेंटियम ही दोन्ही नावं जाऊन नुसतं 'इंटेल प्रोसेसर' येणार. ड्युरॉन विरुद्ध सेलेरॉनवर पुढच्या शनिवारी, वेळ मिळाला तर.