बोर्डी-कोसबादचा बालशिक्षण प्रयोग आणि बालकाचा सामाजिक-भावनिक विकास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यानंतर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा यांमुळे तीन ते आठ वर्षे वयोगटातील बालकांच्या सामाजिक-भावनिक विकासाचा विचार शिक्षणक्षेत्रात नव्याने होऊ लागला आहे. संज्ञा नवी असली तरी तिच्यामागील विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाद येथे केलेला प्रयोग हा त्याचा ठळक पुरावा होय. बालकाचे भावविश्व त्याच्या सामाजिक परिस्थितीपासून वेगळे काढता येत नाही, ही या प्रयोगाची मुख्य शिकवण कशी आकारास आली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

भावनगरची पार्श्वभूमी

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या श्रमिक वस्तीत पहिले ‘बालगृह’ सुरू केले. त्यांच्या पद्धतीला भारतीय रूप देण्याचे महत्त्वाचे कार्य वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी केले. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर स्थापन केले. शिक्षा, बक्षीस आणि स्पर्धा या तिन्ही गोष्टींना त्यांचा विरोध होता. भयामुळे बालक आज्ञाधारक होते, परंतु समंजस होत नाही. आणि बक्षिसाच्या लोभाने केलेल्या चांगल्या वर्तनाची मुळे मनात रुजत नाहीत, ही त्यामागील भूमिका होती.

ताराबाई १९२३ मध्ये या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि ‘शिक्षणपत्रिके’तून हा विचार पालकांपर्यंत पोहोचू लागला. १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले. या बालमंदिरांत सहजीवनाचे शिक्षण उपदेशातून नव्हे, तर व्यवस्थेतून मिळत असे. एका प्रकारचे साधन एकच ठेवल्यामुळे दुसऱ्याचे काम पूर्ण होईपर्यंत थांबणे ओघानेच येई. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र असल्याने मोठ्याने लहानाला सांभाळणे हा नित्याचा व्यवहार बने. पाणी भरणे, झाडणे, वाढणे या कामांतून स्वावलंबनाबरोबरच दुसऱ्याची जाणीवही जोपासली जाई. तथापि, या पद्धतीची साधने महाग होती आणि तिचा लाभ प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गीय मुलांनाच मिळत होता.

बोर्डी : शाळा अंगणात

ही मर्यादा ओळखून ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. याच वर्षी उंबरगाव-डहाणू परिसरात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला होता, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावयास हवी. ज्या समाजात मोठी माणसेच मालकाच्या धाकाखाली वावरत होती, तेथील बालकाला निर्भयतेचे शिक्षण देणे हा केवळ अध्यापनपद्धतीचा प्रश्न राहत नाही.

येथे दोन प्रकारच्या बालवाड्या विकसित झाल्या. मध्यवर्ती बालवाडी शाळेच्या ठरावीक वेळेत भरे. दलित वस्तीतील मुले तेथे येत नाहीत असे दिसताच बालवाडीच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी. शिक्षिका वस्तीत जाई, मुलांना गोळा करून स्वच्छ करी आणि गाणी, गोष्टी, खेळ यांत रमवी. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली. आपल्या दारी कोणीतरी आपुलकीने येते आणि आपल्याला हात लावते, हा अनुभव अस्पृश्यतेच्या वातावरणात वाढणाऱ्या बालकाच्या आत्मप्रतिमेच्या दृष्टीने किती मोलाचा असेल, याची कल्पना करता येते. मात्र या उपायाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. अंगणवाडीने शिक्षण वस्तीपर्यंत नेले, पण वस्ती आणि गाव यांतील मुले एकत्र बसण्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नव्हता.

कोसबाद : कुटुंबाचा विचार

१९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर स्थलांतरित झाले. आदिवासी कुटुंबात मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत असल्याने शाळेत येऊ शकत नसे. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी ‘विकासवाडी’ साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर ‘कुरणशाळा’ भरू लागली. भावंडाविषयीची माया आणि घरची जबाबदारी यांना शिक्षणातील अडथळा न मानता त्यांच्यासह शाळेची रचना करणे, हे कोसबादचे वेगळेपण होय.

शासकीय योजना आणि आशयाचा संकोच

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्राचे नाव म्हणून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रूढ झाला. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, अनौपचारिक शालापूर्व शिक्षण आणि पोषण-आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात होत्या. कुपोषणाची तीव्रता पाहता आहार व आरोग्यावरील भर अपरिहार्य होता. परंतु वजन आणि आहार यांची नोंद वहीत करता येते. मुलाची भीती कमी झाली, ते दुसऱ्यासाठी थांबू लागले, याची नोंद तशी होत नाही. परिणामी, ज्या आशयासाठी बोर्डीची अंगणवाडी जन्मली तो आशय सहा सेवांपैकी एका सेवेचा भाग होऊन राहिला. नाव सर्वदूर पोहोचले, आशय मात्र आक्रसला.

निष्कर्ष

सारांश, सामाजिक-भावनिक विकास हे सुटे कौशल्य म्हणून शिकविता येत नाही. भयमुक्त वातावरण, सहजीवनाची रचना आणि कुटुंबाच्या परिस्थितीचे भान या तिन्हींतून तो घडतो, असे बोर्डी-कोसबादचा इतिहास दर्शवितो. नव्या आराखड्याची अंमलबजावणी करताना या विकासाचे रूपांतर केवळ तक्त्यांतील नोंदींत झाले, तर १९७५ नंतर घडलेल्या संकोचाची पुनरावृत्ती होण्याचा धोका आहे. अंगणवाडी सेविकेच्या प्रशिक्षणात आणि तिच्या दैनंदिन वेळापत्रकात या कार्यासाठी कितपत अवकाश ठेवला जातो, यावरच हा धोका टळणे अवलंबून राहील.