नाटकाच्या जाहिरातीचा अनामिक लेखक

मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककाराला मानाचं पान मिळालं, गायक नटांची चरित्रं झाली, पडदे रंगवणाऱ्यांच्याही आठवणी नोंदल्या गेल्या. ज्याचा मजकूर वाचून प्रेक्षक तिकिटाच्या खिडकीपर्यंत आला, त्या जाहिरातलेखकाची नोंद मात्र बहुधा कुठेच सापडत नाही. आज नाट्यसंस्था, संगीत महोत्सव आणि संग्रहालयं हे काम बाहेरच्या लेखकाला कामापुरतं देतात, म्हणून तो नव्या जमान्याचा धंदा वाटतो. पण कलेसाठी बोलावणं लिहिण्याचं हे काम निदान दीडशे वर्षांचं आहे. प्रेक्षकाला आधीच काय ठाऊक आहे हे ओळखून तेवढं गाळायचं आणि उरलेलं नेमकं सांगायचं, यात या लेखनाचं खरं कौशल्य आहे. म्हणूनच ते लेखन म्हणून वाचलं गेलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं आणि दहा वर्षांनी त्यांची मंडळी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करू लागली. या नाटकांचं कथानक प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरजच नव्हती. पुराणातल्या प्रसंगाचं नाव घेतलं की कीर्तनांतून ऐकलेली सारी कथा त्याच्या मनात उभी राही. पुढे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ने या ओळखीचा वेगळाच उपयोग केला. १९०७ मध्ये ते रंगभूमीवर आलं तेव्हा फलकावरचं नाव विराटपर्वातलं होतं. कीचकात लॉर्ड कर्झन पाहण्याचं काम प्रेक्षकांनी आपण होऊन केलं आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. तोवर त्या नावाने उघडपणे काहीही न बोलता सगळं सांगितलं होतं.

संगीत नाटकाच्या काळात कथेइतकाच, कधी कधी तिच्याहून जास्त, नटाच्या नावाला भाव आला. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला, तेव्हा ते नाटक दहा वर्षांचं जुनं होतं आणि त्यातली पदं लोकांच्या तोंडी होती. नवं होतं ते एवढंच: बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन वेगळ्या कंपन्यांचे गायक नट एकत्र उभे राहणार होते आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला जाणार होतं. अशा प्रयोगाच्या जाहिरातीत भामिनी-धैर्यधराची गोष्ट सांगायला बसणारा लेखक आपला प्रेक्षक ओळखत नाही, असंच म्हणावं लागेल.

अशा लेखकाच्या उलट उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं आहे. ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला जाऊ लागला. हरिश्चंद्राची कथा पोराटोरांना ठाऊक होती, पण देशी माणसाने केलेला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट तोवर कोणी पाहिला नव्हता. म्हणून फाळक्यांच्या गाजलेल्या जाहिरातीत कथेला जागाच नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा तिचा हिशेब आहे.

जाहिराती फुगवून लिहिलेल्या असतात, त्यांचा पुरावा कसा धरायचा, असा आक्षेप इथे कोणी घेईल. तो रास्त आहे आणि हीच जाहिरात त्याची तपासणी करायला उपयोगी पडते. फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे सत्तावन्न हजार चित्रांची फिल्म सुमारे साडेतीन हजार फूट भरते. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट नोंदलेली आहे, तेव्हा पहिला आकडा जवळपास खरा म्हणावा लागतो. दोन मैल म्हणजे मात्र साडेदहा हजार फूट, जवळजवळ तिप्पट. चित्रं मोजणं कोणालाच शक्य नव्हतं, पण मैल किती लांब हे चालणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं, आणि अतिशयोक्ती नेमकी त्या मापात केलेली आहे. थक्क करायचं तर प्रेक्षकाच्या अनुभवातलं माप हवं, ही जाण त्या खोट्या आकड्यातून दिसते. इतिहासाला ती जाणही हवी असते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. १९६० नंतरच्या व्यावसायिक नाटकांच्या जाहिराती पाहिल्या तर त्यांत मजकूर उरतोच कुठे? नाव, लेखक, दिग्दर्शक, कलावंत, नाट्यगृह, वेळ. वर्तमानपत्रातली जागा कॉलम-सेंटिमीटरच्या भावाने घ्यायची, तेव्हा ही काटकसर पैशाची आहे, कौशल्याची नाही, असं म्हणता येईल. पण भाव फक्त जागा ठरवतो, त्या जागेत काय ठेवायचं ते ठरवत नाही. नाटककाराचं नाव वर घ्यायचं की नटाचं, कितवा प्रयोग हे सांगायचं की 'फक्त प्रौढांसाठी' एवढंच, यातल्या प्रत्येक निवडीमागे समोरच्या प्रेक्षकाबद्दलचा एक अंदाज असतो. १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'सखाराम बाइंडर'चा वाद न्यायालयापर्यंत गेला. त्या नाटकाला विशेषणाची गरज उरली नव्हती, आणि ते गाळणं हाही लेखनातलाच निर्णय होता.

जाहिरातींच्या या चौकटींतल्या एका कारागिराला मात्र नाव मिळालं. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं अशा वळणांनी रेखाटली की अक्षरावरूनच नाटकाची जात कळावी, आणि मराठी वाचक त्यांना नावाने ओळखू लागला. ती ओळख त्यांनी कमावलेली होती. ज्या शब्दांना त्यांनी आकार दिला त्यांच्या शेजारचा मजकूर कोणाचा, हे मात्र कोणी विचारलं नाही. सगळी मंडळी एकत्र राहणाऱ्या जुन्या बिऱ्हाडी कंपनीत नाटककार पुष्कळदा कंपनीच्याच पंगतीला असे. अशा कंपनीतला मजकूर तालमी पाहिलेल्या माणसाच्या हातून उतरणं साहजिक होतं, त्यामुळे वेगळ्या श्रेयाचा प्रश्न फारसा उठला नसावा. आज बाहेरच्या लेखकाला बहुतेक वेळा एक टिपण मिळतं आणि प्रयोग न पाहताच लिहावं लागतं. पुष्कळशा पत्रिका एकसारख्या वाटतात, त्याचं मुख्य कारण मला हेच दिसतं. त्याला तालमीला बसू द्यावं आणि पत्रिकेच्या तळाशी त्याचं नाव छापावं. खर्च फारसा नाही, आणि शंभर वर्षांनी या काळाचा प्रेक्षक शोधणाऱ्याला निदान एक नाव सापडेल.