जाणणे आणि उमजणे

श्रोतेहो, देवगड तालुक्यातला विजयदुर्ग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा असलेला, आंग्र्यांच्या आरमाराने गाजलेला हा किल्ला. तिथे गेलात की 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात, "१८६८ साली लॉकियर साहेबाने इथं बसून हेलियम वायू शोधला." मीही एकदा विद्यार्थ्यांना हेच सांगितले. सन पाठ, नाव पाठ. परतताना एका मुलाने विचारले, "सर, सूर्यातला वायू इथून ओळखला तरी कसा?" मी निरुत्तर झालो. घरी येऊन पुस्तके काढली, तेव्हा कळले की मी मुळातच चुकीचे सांगितले होते!

खरी हकिकत ऐका. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्याची सावली आपल्या या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेली, हे खरे. जमखंडीस लेफ्टनंट हर्शेल, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन असे निरीक्षक ठिकठिकाणी सज्ज होते. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडात होते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. चुलीत मिठाची चिमूट टाकून पाहा, ज्वाळ पिवळी होते. ती सोडियमची खूण. प्रकाश लोलकातून पाहिला की तापलेला प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक रेघा दाखवतो. ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये निरीक्षकांना एक पिवळी रेघ दिसली. ती सोडियमचीच, असे बहुतेकांनी धरले.

२० ऑक्टोबरला लॉकियरांनी ग्रहण नसतानाच त्या ज्वाळांच्या रेघा पाहिल्या. पिवळी रेघ सोडियमच्या जोडरेघांजवळ होती खरी, पण नेमकी त्यांच्यावर बसत नव्हती. फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी प्रयोगशाळेत ताडून पाहिले; ती रेघ कशाशीच जुळेना. मग हे कोणी नवेच द्रव्य असावे, असा तर्क झाला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले. शंका घेणारेही पुष्कळ होते. अखेर १८९५ साली रॅम्झे यांना एका युरेनियमयुक्त खनिजातून तोच वायू पृथ्वीवर मिळाला. मध्ये २७ वर्षे गेली होती.

पाहा बरे, रेघ तर अनेकांनी पाहिली होती. सोडियमची खूणही सर्वांना ठाऊक होती. ते झाले ज्ञान. पण आपल्याला ठाऊक असलेले उत्तर इथे बसते का, हे थांबून तपासणे, हे शहाणपण. समर्थांनी दासबोधात 'पढतमूर्खा'ची लक्षणे वेगळ्या समासात सांगितली, ती उगीच नाही. नुसत्या पाठांतराने माणूस जाणता होतो, शहाणा होतोच असे नाही. माझेच उदाहरण घ्या ना!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, अलीकडे १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो. मुलांना जरूर न्या. लॉकियर इथे नव्हते असे सांगितल्याने किल्ल्याचे मोल तसूभरही कमी होत नाही. आंग्र्यांचा इतिहास त्याला पुरेसा आहे. उलट गावची आवडती गोष्टसुद्धा पारखून घ्यावी, हे मुले त्या ओट्यांवरच शिकतील. आणि एखाद्याने "कसं?" विचारले, उत्तर आले नाही, तर "उद्या पाहून सांगतो" म्हणायला लाजू नका. मी मात्र त्या दिवशी लाजलो होतो.